एकास तीन

गवंड्याने हातोडीच्या दांड्याने जोत्यावर टकटक केली आणि आतून जो आवाज आला तो त्याला ऐकवेना. भरल्या भिंतीचा आवाज ठणठणीत येतो. हा रिकाम्या डब्याचा होता. दोन हात पुढे सरकून त्याने पुन्हा वाजवून पाहिले. तिथेही डबा. सकाळी आला तेव्हा गिलावा कुठे पोकळ झालाय हे शोधायचे, असे मनाशी धरून आला होता. आता कुठे पोकळ झाला नाही हे शोधायची पाळी आली.

"काय म्हणतंय?" धाकटी बहीण दारातून म्हणाली. हातात इस्त्री तशीच होती, वायर पाठीमागे ताणलेली.

"बघतोय."

"त्यात बघायचं काय, दादा? विटाच कच्च्या. भाजणाऱ्याला घाई, राहणाऱ्याला शिक्षा." एवढे बोलून ती आत वळली आणि कुणाच्या तरी सदऱ्यावर इस्त्री दाबली. वाफेबरोबर ओलीचा वास बाहेर आला. तो वास आताशा गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लागत होता. तिघा-चौघांनी कपडे टाकणे बंद केले होते. एकाने तर घडी नाकाला लावून विचारले होते, "बाई, कपडे इस्त्री करता की पुरून ठेवता?"

भाजणारा म्हणजे तिचा नवरा. वीटभट्टीवर जन्म काढलेला माणूस. ह्या दोन खोल्यांची एकूण एक वीट त्याने स्वतः थापली होती, स्वतः भाजली होती. साच्यातून निघालेल्या प्रत्येक ओल्या विटेच्या कोपऱ्यात तो अंगठा टेकवायचा, आई लेकराच्या गालावर बोट टेकवते तसा. गवंडी त्याला दाजी म्हणायचा. गेल्या हिवाळ्यात दाजी छातीच्या दुखण्याने गेले. ज्या भिंतीला ओल चढली होती तिच्याच कडेच्या खाटेवर गेले.

आणि ही ओल चढू नये म्हणून तीन वर्षांपूर्वी जोत्याला सिमेंटचा गिलावा कुणी केला होता? गवंड्याने. फुकट, प्रेमाने. परक्याच्या घराला तो सिमेंटच्या एका घमेल्याला सहा घमेली वाळू टाकायचा. बहिणीच्या घराला त्याने एकास तीन माल केला. वरून लोखंडी थापीने घोटून घोटून असा चकचकीत केला की त्यात तोंड दिसावे. बहिणीला लहानपणापासून ओळी जुळवायची खोड होती; हात कामात असला की तोंडात काहीतरी यायचेच. त्या दिवशी पाण्याची बादली आणता आणता ती म्हणाली होती,

भाऊ माझा गवंडी, जोत्याला घाली चिलखत
आली ओल पाण्याची, गेली दारातून परत

मजूर हसले होते. गवंड्याचा ऊर भरून आला होता.

"दादा," आतून आवाज आला, "ह्या वेळी एकास दोन कर. हात आखडता घेऊ नकोस. कच्च्या विटेला वरून तरी पक्कं कवच पाहिजे."

दारापाशी हातगाडीवर सिमेंटची गोणी होतीच. गवंड्याने छिन्नी लावली आणि घाव घातला.

पहिल्याच घावाला दोन हात लांबीचा तुकडा आख्खा सुटून आला. फोडावा लागला नाही, खरवडावा लागला नाही. पाटावरून पापड उचलावा तसा उचलला गेला. गवंड्याने तो उलटा केला. पुढून गुळगुळीत करडा, पाठीमागे बोटभर लाल पीठ चिकटलेले आणि त्यावर पांढरी बुरशीसारखी मिठाची फुले. लोणा. उघड्या पडलेल्या विटेत त्याने बोट घातले. बोट पेरभर आत गेले.

"बघ," बहीण पाठीशी येऊन उभी राहिली होती. "बघितलंस? हे असं भाजलंय. आणि म्हणायचे, माझी वीट शंभर वर्षं. तीनच वर्षांत पीठ."

"तू आत जा. धूळ उडतेय."

"दोन वर्षं धूळच खातेय मी," ती म्हणाली आणि गेली.

त्याने रस्त्याकडची बाजू दुपारपर्यंत मोकळी केली. सगळीकडे तेच. मग तो घामाघूम होऊन मागच्या बाजूला गेला. तिथे न्हाणीचे पाणी वाहून जाई, त्याच्या कडेला पाण्याचा मोठा पिंप होता. पिंपामागे चार हात जोते तसेच राहिलेले त्याला आठवत होते. तीन वर्षांपूर्वी इथवर येता येता सिमेंट संपले होते आणि तो म्हणाला होता, उद्या करतो. तो उद्या उजाडला नव्हता.

पिंप हलवून तो खाली बसला. इथे जुना चुन्याचा गिलावा होता, दाजींनी घर बांधतानाच केलेला. वयाने झिजलेला, ठिकठिकाणी गळून गेलेला, मऊ. घरातली सगळ्यांत ओली जागा ही. अंगावर शेवाळ होते. गवंड्याने हाताने शेवाळ पुसले आणि उघड्या विटेवर हातोडीचा दांडा मारला.

ठण्ण.

त्याने दुसरी वाजवली. ठण्ण. तिसरी. एका विटेच्या कोपऱ्यात अंगठ्याचा खळगा होता, त्याच्या कडा काल उमटल्यासारख्या रेखीव. गवंड्याने छिन्नीचे टोक लावून खरवडून पाहिले. नखाएवढाही कण निघाला नाही.

ज्या माणसाची हयात भिंती उभ्या करण्यात गेली त्याला ह्यापुढे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जमिनीतली ओल पायातून वर येते, ती कुठल्याच घराला चुकत नाही. मऊ चुन्यातून ती बाहेर पडते, उन्हाने उडून जाते. त्याने एकास तीनचे चिलखत घातले आणि तिची वाट बुजवली. मग ती आतल्या आत वर चढली. जाईल तिथे मीठ ठेवत गेली, आणि मिठाने वर्षभरात विटेचे पीठ केले. त्याने हात आखडता घेतला असता तर घर वाचले असते. विसरला तेवढे चार हात वाचले होते.

पिंपाशी बसल्या बसल्या त्याला तो दिवस सबंध आठवला. दाजी भट्टीवरून चुन्याची दोन पोती खांद्यावर घेऊन आले होते. म्हणाले होते, "जोत्याला हेच लावा. भिंतीला घाम येतो, तो बाहेर जायला वाट पाहिजे." गवंड्याने चार मजुरांसमोर थापी कमरेला लावून म्हटले होते, "दाजी, तुम्ही विटा भाजा. आज भिंतीला घाम येतोय, उद्या ताप येईल, परवा डॉक्टर बोलवाल." सगळे खो खो हसले. बहीणही हसली, पदर तोंडाला लावून. दाजीसुद्धा हसले. मग पोती उचलून परत घेऊन गेले.

आणि दुसरा दिवस आठवला, जो आठवू नये म्हणून तो वर्षभर झटत होता. दाजींची खाट भिंतीला लागून होती. बहिणीने खाट सरकवायला घेतली तर ते नको म्हणाले. "माझ्या विटांनी केलंय, मलाच भोगू दे." तेव्हा उशाशी बसलेला गवंडी काय म्हणाला होता? म्हणाला होता, "असतील दाजी, एखाद्या भट्टीच्या विटा कच्च्या राहिल्या असतील. होतं असं." त्याच्या आधी महिनाभरच त्याने दुसऱ्या एका घराचे जोते उघडले होते, त्याच्याच हातचे, आणि तिथेही असेच पीठ पाहिले होते. तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. तिला हाकलून तो दाजींच्या उशाशी जाऊन बसला होता. दाजींनी त्याच्याकडे पाहिले, मान हलवली आणि तोंड भिंतीकडे फिरवले. त्यानंतर ते दीड महिना होते. खोलीत ओल, छातीत ओल.

गवंडी उठला. सिमेंटची गोणी त्याने हातगाडीवर तशीच राहू दिली आणि गाडी घेऊन नाल्यापलीकडच्या चुनेवाल्याकडे निघाला.

चुनेवाला म्हातारा आपल्या खड्ड्याशी लांब काठीने चुना घोटत बसला होता. भुवया, पापण्या, हातावरचे केस, सगळे पांढरे. गवंड्याला पाहून त्याने काठी थांबवली.

"वाट चुकलास काय? सिमेंटचं दुकान चौकात."

"चुना पाहिजे, काका."

"कुणाला लावायचाय?"

"जोत्याला." गवंड्याला हसू आले नाही. "चांगला मुरलेला द्या."

"चार महिने मुरलाय. लोण्यासारखा झालाय. पण जोतं म्हणतोस, तर नुसता चुना धरणार नाही. विटेची पूड घालावी लागेल त्यात. ती घातली की ओलीतही घट्ट होतो आणि वारा आत-बाहेर खेळता ठेवतो." म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "भिंत कसली? विटा कशा आहेत?"

"पक्क्या," गवंडी म्हणाला.

हा शब्द त्याने पहिल्यांदाच तोंडातून काढला होता. म्हातारा त्याच्याकडे पाहतच राहिला.

"बहिणीचं घर ना?"

"हो."

"मग तुझ्या मेहुण्याला कच्च्या का सांगितल्यास?"

म्हातारा काठी चिखलात रोवून, घाई नसलेल्या माणसासारखा बोलत राहिला. "आला होता इथं. जायच्या आधी महिनाभर. धाप लागलेली, चार पावलांवर बसायचा. पिशवीत एक वीट. म्हणाला, काका, वाजवून सांगा. मी वाजवली. देवळाच्या घंटेसारखी वाजली, बाबा! म्हटलं, अरे ही पक्की आहे, ह्याहून पक्की मी पाहिली नाही. तर म्हणतो, नाही काका, माझी बायको म्हणते कच्ची आहे. गवंडीही म्हणाला. त्याचा सगळा जन्म भिंतीत गेला, तो कशाला खोटं बोलेल? माझेच कान गेले असतील."

चुन्याच्या खड्ड्यात एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

"वीट परत घेऊन गेला," म्हातारा म्हणाला. "मी म्हटलं ठेव इथंच, कशाला ओझं. नाही ठेवली." मग तो उठला आणि चुना भरू लागला. "विटेची पूड मात्र माझ्याकडे नाही. हल्ली कोण कुटतंय? घरच्या विटा असतील तर त्याच कुट. लोणा लागलेल्या नको, त्यातलं मीठ परत भिंतीत जाईल. चांगल्या घे."

परतताना गाडीचे एक चाक कुरकुरत होते आणि गवंड्याच्या डोक्यात एक सोपी वाट उलगडत होती. बहिणीला सांगायचे की विटा कच्च्या आहेत म्हणूनच चुना. कच्च्या विटेला सिमेंट झेपत नाही, मऊच लावावे लागते. ऐकायला पटणारे होते. घरही वाचले असते, तोही वाचला असता. गेलेल्या माणसाचे काय जाणार होते? वळणावर त्याने ते वाक्य पुटपुटून पाहिले. चांगले बसत होते, घोटलेल्या गिलाव्यासारखे.

बहीण ओट्यावर उभी होती. गाडीवरचे पांढरे डबे बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय? मी तुला एकास दोन म्हणाले."

"चुना लावणार. सिमेंट नाही चालायचं."

"का?"

"विटा..." तो म्हणाला आणि थांबला. मग घाईने म्हणाला, "विटा कच्च्या आहेत. त्यांना सिमेंट झेपत नाही."

तिने सुस्कारा टाकला. खांदे खाली आले. "म्हणजे शेवटी त्यांनीच घालवलं," ती हळू म्हणाली. "मी मेल्या माणसाला बोल लावते म्हणून माझ्याच जिवाला लागून राहिलं होतं. बरं झालं, तू सांगितलंस." मग न्हाणीमागच्या पत्र्याखाली रचून ठेवलेल्या उरलेल्या विटांकडे बोट दाखवून म्हणाली, "तो ढीग पण घेऊन जा जाताना. कुठंतरी खड्ड्यात टाक. डोळ्यासमोर नको मला."

गवंडी ढिगाकडे गेला. दीडेकशे विटा, पत्र्याच्या गळतीखाली इतकी वर्षे भिजलेल्या, वाळलेल्या, पुन्हा भिजलेल्या. सगळ्यांत वर एक वीट वेगळी, पिशवीत गुंडाळलेली. त्याने पिशवी सोडवली. कोपऱ्यात अंगठ्याचा खळगा होता.

ती वीट घेऊन तो बहिणीपाशी आला.

"चिमणे, ही धर."

"मला नको ती."

"धर. तळहातावर धर, अशी." तिने वैतागून धरली. त्याने हातोडीचा दांडा हलकेच मारला.

ठण्ण. आवाज तिच्या मनगटातून कोपरापर्यंत गेला असावा, कारण तिने हाताकडे पाहिले.

"आता इकडे ये." त्याने उघड्या पडलेल्या जोत्यावर मारले. भुसभुशीत, मुका आवाज. मग तिला मागे पिंपाशी नेले, शेवाळातली वीट वाजवली. ठण्ण. तिचा चेहरा एकेका आवाजाबरोबर उतरत चालला होता आणि गवंडी जमिनीकडे बघून बोलत होता. माझ्या हाताने झालं. जिथं सिमेंट लावलं तिथंच वीट मेली. दाजी बरोबर होते. मी खोटं बोललो, आत्ताही, त्यांच्या उशाशीही. ते ही वीट घेऊन चुनेवाल्याकडे गेले होते. तो पक्की म्हणाला तर त्यांना पटलं नाही. म्हणाले, गवंडी कशाला खोटं बोलेल.

घरातून जळका वास येऊ लागला. इस्त्री सदऱ्यावर तशीच राहिली होती. दोघांपैकी कुणीही हलले नाही.

"मी त्यांना म्हणाले होते," बहीण म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजी चिरताना बोलावे तसा. "शेवटच्या आठवड्यात. पाणी मागत होते. मी म्हणाले, भिंत चाटा, तिच्यात पुष्कळ आहे."

"चिमणे..."

"हाक नको मारू मला."

तिने हातातली वीट पदराला पुसली. मग म्हणाली, "आता काय करायचं? भिंतीचं विचारतेय मी."

"सगळं उतरवायचं. पिठूळ झालेल्या विटा काढून ह्या ढिगातल्या घालायच्या. मग दोन महिने उघडी ठेवून वाळू द्यायची. मग चुना. आणि चुन्यात घालायला..." त्याने ढिगाकडे पाहिले. "चांगली वीट कुटावी लागेल."

"ह्यांतली?"

"हो."

तिने मान डोलावली. "काम तू करायचं. पुरं करायचं, अर्ध्यात पळायचं नाही. घरात पाऊल ठेवायचं नाही. पाणी पिंपातलं घ्यायचं. आणि दोन महिने भिंत उघडी राहणार, तर लोक विचारणार. दोन वर्षं मी सगळ्या गल्लीला सांगितलंय की माझ्या नवऱ्यानं कच्च्या विटा भाजल्या. आता जो विचारेल त्याला तू सांगायचं. मोठ्यानं. मला आत ऐकू आलं पाहिजे."

दोन महिने भिंत उघडी राहिली. जुन्या विटा निघाल्या, नव्या बसल्या, अंगठे आत दडले. लोकांनी विचारले. दूधवाल्याने विचारले, शेजारच्या शिंप्याने विचारले, कपडे टाकणे बंद केलेल्या गिऱ्हाइकांनी मुद्दाम थांबून विचारले. गवंडी हातातले काम खाली ठेवून म्हणायचा, "विटा पक्क्या होत्या. माझ्या गिलाव्यानं गेल्या." पहिल्या दिवशी त्याचा आवाज फुटला नाही; आतून इस्त्री टेबलावर आपटल्याचा आवाज आला, आणि त्याने पुन्हा म्हटले. एक जण म्हणाला, "मग गवंडी कसला रे तू?" महिन्याभरात गवंड्याकडे दुसरे काम उरले नाही. रोज सकाळी तो येई, भिंतीवर तळहात ठेवी, वाळली का बघे आणि पायरीखाली बसून राही.

गिलाव्याच्या दिवशी ऊन कोवळे होते. बहिणीने अंगणात लोखंडी खल मांडला आणि वीट कुटायला घेतली. त्याने मुसळाला हात लावायला पाहिले, तिने मुसळ बाजूला घेतले. धप. धप. लाल पूड उडून तिच्या हातावर, पापण्यांवर बसत होती. तो ती चाळून चुन्यात मिसळत होता, एक घमेले चुना, एक पूड, दोन वाळू, आणि थापीने पातळ हात चढवत होता. चकाकी आणायची नव्हती. मऊ, खरबरीत, गुलाबीसर थर भिंतीने जणू तहानेने ओढून घेतला.

हातात काम असले की बहिणीच्या तोंडी ओळ येते, हे त्याला जन्मापासून ठाऊक होते. तो कान देऊन होता. भावाची ओळ येणार नाही हे त्याला कळत होते. निदान दाजींची तरी यावी, नाहीतर नुसती मुसळाची. धप. धप. दुसरे काही येत नव्हते. एक वीट संपली की ती दुसरी घेई, कोपरा उन्हाकडे करून क्षणभर बघे आणि खलात टाकी.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा एक म्हातारा फिरस्ता, गल्लीत नवखा, काठी टेकत थांबला. रंग बघून त्याला नवल वाटले असावे.

"हा काय प्रकार, मिस्त्री? आजकाल सिमेंट सोडून चुना? काय झालं होतं ह्या भिंतीला?"

अंगणातले मुसळ थांबले.

गवंड्याने थापी घमेल्यात ठेवली. उभा राहिला. हातावरचा चुना भेगांत शिरून चुरचुरत होता.

"विटा पक्क्या होत्या," तो म्हणाला, अंगणापर्यंत पोचेल असा. "माझ्या गिलाव्यानं गेल्या."

फिरस्ता "असं होय" म्हणाला आणि आपल्या वाटेने निघून गेला. गवंडी तसाच उभा राहिला, पाठ अंगणाकडे करून, वाट बघत.

मग मुसळ पुन्हा पडू लागले.